हात केला की थांबायचं

माझ्या अंगात मिरवावं असं फारसं काही नाही, पण एका सवयीचा मला बरीच वर्षं माज होता. रस्त्यावर कुणी हात केला की मी गाडी थांबवतो. दौंडातून कुरकुंभच्या कंपनीत मी तेरा वर्षं मोटारसायकलवर जा-ये करतोय आणि एवढ्या वर्षांत माझी मागची सीट रिकामी गेली असे दिवस थोडेच असतील. कामावर निघालेले हेल्पर, तालुक्याला दाखल्यासाठी आलेले म्हातारे, बँकेत जाणाऱ्या मावश्या, बिहारहून आलेले कंत्राटी कामगार, सगळे माझ्या मागे बसून गेलेत. कंपनीत मला ‘एसटी’ म्हणायचे. मला ते आवडायचं.

आमच्याकडे लिफ्ट मागायला अंगठा दाखवत नाहीत. हात पुढे करायचा, तळवा जमिनीकडे, आणि दोन-तीनदा वरखाली हलवायचा. उभं राहायचं ते गतिरोधकाच्या जरा पुढे, म्हणजे गाडी आधीच मंदावलेली असते आणि चालवणाऱ्याला नाही म्हणायला जड जातं. बसल्यावर पहिला प्रश्न, कुठलं गाव? दुसरा, कुणाच्यात? तिसऱ्या किलोमीटरला कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी चुलत्याला दिलेली निघते आणि उतरताना माणूस चहाचा आग्रह धरतो. गाडीवर जागा नसेल तर न थांबता एक हात उचलून मनगट दोनदा फिरवायचं. गाडी फुल आहे. त्यात कुणी राग मानत नाही.

बायकोही मला अशीच भेटली. चौफुल्यावर तिची एसटी चुकली होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, अंगात सनकोट, फक्त डोळे दिसत होते. तिला राहूला जायचं होतं, मला मांडवगण फराट्याला आमच्या घरी. वाट वेगळी, तरी मी तिला राहूपर्यंत सोडायला गेलो. तिने आमच्या दोघांच्या मध्ये कॉलेजची बॅग ठेवली आणि माझ्या सगळ्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरं दिली. तेवढ्यातही तिचे मामा आमच्या ओळखीतले निघाले आणि चार महिन्यांनी मी रीतसर पोहे खायला तिच्या दारात होतो. आम्हाला बोलायला म्हणून ओसरीवर बसवलं तेव्हा तिने एकच विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनाच लिफ्ट देता का?"

"सगळ्यांनाच," मी छाती फुगवून म्हणालो.

ती हसली होती. मला वाटलं, जिंकलं.

लग्नानंतर दौंडात दोन खोल्या घेतल्या. तीही कुरकुंभलाच लागली, माझ्या शेजारच्या कंपनीत, औषधं तपासायच्या लॅबमध्ये. ती जनरल शिफ्टला, मी फिरत्या शिफ्टला. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. ती उठायची तेव्हा मी झोपायला यायचो, नाहीतर ती परतायची तेव्हा मी निघालेला असायचो. बोलणं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चालायचं. फाडलेलं पान फ्रिजला चिकटवलेलं असे. ‘गॅस संपतोय.’ ‘डब्यात भेंडी आहे, गरम करून घ्या.’ मी मात्र पानभर लिहायचो. आज मागे कोण बसलं, कुठल्या गावचा निघाला, काय म्हणाला. मला वाटायचं ती ते हसून वाचत असेल. मी कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी आमचं एक मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर कॅलेंडरवर तिचं लिहिणं आणखी कमी झालं. ‘गॅस’ एवढंच लिहायची. मी समजायचो, दमत असेल.

मग गेल्या वर्षी एका सोमवारी, मी रात्रपाळी करून आलो तेव्हा ती कामाला गेलेली नव्हती. समोर बसली. म्हणाली, तिच्या कंपनीचा हैदराबादला नवा प्लांट आहे, तिथली लॅब तिला देतायत आणि तिने हो म्हणायचं ठरवलंय.

"माझं काय मग? मी तिकडं कुठं नोकरी बघू?"

"तुम्ही नका बघू. मी एकटीच जाणार हाय."

घटस्फोट हा शब्द तिने काढला नाही. आमच्यात तो एकदम काढत नाहीत. पण मला कळलं. मी आधी ओरडलो, ते माझं नेहमीचं. ती ऐकून घेत बसली. ओरडून झाल्यावर मी म्हणालो, मला बारा दिवस दे. पुढच्या महिन्यात आमचं शटडाऊन आहे, मला रजा मिळेल, तूही घे. कुठेतरी जाऊ, दोघंच. परत आलो की काय ते सांग. ती मग म्हणाली, "बरं."

त्या ‘बरं’वर मी महिनाभर जगलो.

जॉर्जिया हा देश निवडायचं कारण एवढंच, की आमच्या फोरमनचा भाचा तिथे डॉक्टरकी शिकत होता आणि व्हिसाचं सगळं त्याला ठाऊक होतं. पण माझं खरं डोकं दुसरीकडे चाललं होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन तरणीताठी पोरं-पोरी रस्त्याकडेला अंगठा दाखवून उभी राहतात आणि गाड्या बदलत गावोगाव फिरतात. मी ते पाहिलं आणि खूश झालो. म्हटलं, हा तर आपला धंदा. लिफ्टच्या बाबतीत आपल्याला कोण शिकवणार? आमचं जमलंच होतं एका लिफ्टमध्ये. पुन्हा रस्त्यावर दोघं उभे राहिलो, कुणाच्या तरी गाडीत मागे शेजारी बसलो, तर काहीतरी सुटेल, बोलणं होईल. अडतीस वर्षांचा माणूस आणि असा विचार. आता लिहितानाही लाज वाटते.

पहिले दोन दिवस तिबिलिसीत काढले. चोवीस तास एकत्र असणं आम्हाला माहीतच नव्हतं. सकाळी दोघं एकदम जागे व्हायचो आणि एकमेकांकडे पाहून अवघडायचो. ती माझ्याशी चांगलं वागत होती, हेच मला सहन होत नव्हतं. "चहा घेता का?" "थंडी वाजती का?" लांबच्या नात्यातला माणूस मुक्कामाला आला की विचारतात तसं. मी जुन्या गोष्टी काढायचो, ती "व्हय" म्हणायची. दुसऱ्या दिवशी एका पुलावर मी तिला सरळ विचारलं, काय ठरवलंस? ती म्हणाली, "बारा दिवस म्हणला होता ना. अजून दहा हायत." म्हणजे तिनेही मोजले होते. फक्त ती दिवस संपायची वाट बघत होती आणि मी ते वाढवायला धडपडत होतो.

तिसऱ्या दिवशी व्हॅनने तेलावी नावाच्या गावी गेलो. द्राक्षांचा मुलूख. आमच्या भागासारखी सपाट काळी-तांबडी जमीन, पण पलीकडे बर्फाचे डोंगर. द्राक्षतोडणी चालू होती आणि रस्त्यावर क्रेट लादलेल्या गाड्या. तिथून सिघनाघीला जायचं होतं, साठ-सत्तर किलोमीटर. चौथ्या दिवशी सकाळी नाश्ता करून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, आता बस नाही, व्हॅन नाही. आता आपल्या पद्धतीनं.

गावाबाहेर अर्धा तास चाललो. मी जागा निवडली. गतिरोधक सापडला नाही, पण एक वळण होतं, तिथे गाड्या मंदावत होत्या. रस्त्याच्या डाव्या हाताला झाडाखाली उभे राहिलो आणि व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे मी अंगठा काढला. पाचव्या मिनिटाला गाडी थांबली. मी बायकोकडे असं पाहिलं, जसा काही देशच जिंकलाय. मी ‘सिघनाघी’ म्हणालो, ड्रायव्हर भराभर काहीतरी बोलला, आम्ही बसलो. आणि त्याने आम्हाला तेलावीच्या बाजारात, नाश्ता केलेल्या हॉटेलाच्या दारात आणून सोडलं.

तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. मला हे माहीत होतं, तीन दिवस दिसत होतं. पण लिफ्ट मागायला उभा राहिलो तो दौंडातच उभा राहिलो.

बायको हसायला लागली. ओढणी तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. "सगळ्या तालुक्याची एसटी," ती म्हणाली, "आन् डेपोतच परत आली." मी पण हसलो. पुन्हा अर्धा तास चालताना मला वाटलं, झालं, सुटलं. चालताना तिने माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली, न विचारता माझ्या बॅगेचा पट्टा सारखा केला. मी मनातल्या मनात हैदराबादला नकार कळवूनही टाकला.

आता उजव्या बाजूला उभे राहिलो. अंगठ्याला एकही गाडी थांबेना. तासभर मी तसाच उभा. ऊन चढलं. माझा आवाज चढायला लागला, या लोकांना माणुसकी नाही, आमच्याकडे असं कुणी सोडून जात नाही, वगैरे. ती दगडावर बसली होती. माझं बोलणं चालू असतानाच ती उठली, माझ्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने हात केला. आपला हात. तळवा जमिनीकडे, वरखाली, वरखाली. समोरून येणारी जुनी, चौकोनी, पांढरी गाडी लगेच बाजूला घेऊन थांबली. तिकडेही हात असाच करतात, हे मला नंतर कळलं. अंगठा नुसत्या फिरस्त्या पोरांचा.

चालवणारा म्हातारा होता. सत्तरीचा असेल. चेहरा रापलेला, नखात माती, डोक्यावर मळकी टोपी. मागे द्राक्षांचे क्रेट एकावर एक रचलेले. बायकोला गाडी लागते, म्हणून ती पुढे बसली, आणि मी मागे क्रेटांना टेकून, दोन्ही बॅगा मांडीवर घेऊन. म्हणजे शेजारी बसायचं तेही राहिलंच. म्हाताऱ्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याने काहीतरी विचारलं. मी ‘इंडिया’ म्हणालो. त्याने खूश होऊन मान डोलावली आणि आमचं बोलणं संपलं. कुठलं गाव, कुणाच्यात, हे दोन प्रश्न काढून घेतले की मला गाडीत काय बोलायचं ते सुचत नाही, हे मला तिथे कळलं.

रस्त्यात चर्च आलं की म्हातारा छातीवर तीनदा क्रॉसची खूण करायचा. बायको लगेच हात जोडायची. दोन-तीनदा असं झाल्यावर तो तिच्याकडे पाहून हसला आणि डॅशबोर्डवरच्या पिशवीतून त्याने तिला द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडाची माळ दिली. तिने अर्धी मोडून मागे माझ्याकडे दिली. मी खाल्ली आणि डोळे मिटले. उन्हात उभं राहून डोकं दुखत होतं. झोप लागली नव्हती, पण तसं दिसलं असेल.

"आबा," ती म्हणाली.

मला वाटलं मला काही म्हणतेय. मग कळलं, ती म्हाताऱ्याशी बोलत होती. मराठीत.

"आबा, तुम्हाला काय कळणार न्हाई, म्हणून सांगते. तुम्ही आपलं गाडी चालवा."

म्हातारा म्हणाला, "हो." त्यांच्या भाषेतही हो म्हणजे होच, तेही मला नंतर कळलं. तेव्हा मी दचकलो.

"आमच्या हितं बी असाच सरळ रस्ता हाय. कंपन्या हायत दोन्ही बाजूला. वास येतो लई. हे मागं बसलेत न्हवं, हे त्या रस्त्यानं जात्यात रोज. कुणीबी हात केला की थांबत्यात. लई नाव हाय ह्यांचं. खोटं न्हाई सांगत, चांगला माणूस हाय. दारू न्हाई, काय न्हाई."

"हो," म्हातारा म्हणाला.

"तीन वर्सं झाली बघा. मला तिसरा म्हैना होता. दुपारी लॅबमधी पोटात कळ आली. तिथल्या बाई म्हणल्या, घरी जा, डॉक्टरला दाखव. कंपनीची बस पाचला असती. ह्यांना फोन लावला, तर ह्यांचा फोन गेटवर जमा. आमच्यात फोन आत न्हेऊ देत न्हाईत, आग लागती. मंग मी फाट्यावर जाऊन हुबी राहिले. ह्यांची सकाळपाळी होती. तीनला सुटत्यात, सव्वातीनला तिथनं जात्यात. म्हणलं, हे येत्यातच आता. कशाला दुसऱ्या कुणाला हात करायचा?"

मी डोळे उघडले नाहीत. आपण झोपलेलो नाही हे तिला कळू द्यावं की नाही, याचा मी विचार करत होतो, आणि तो विचार करता करता वेळ गेली.

"आले हे. लांबनंच वळखले मी. मागं कुणीतरी म्हातारं बसल्यालं. म्हणलं असूंदे, त्याला उतरवतील. ऊन होतं, तोंडाला स्कार्फ होता माझ्या, पर आबा, सात-आठ वर्सं झाली होती लग्नाला. चालण्यावरनं, हुबं राहण्यावरनं बी कळतंय की वो माणूस. मी हात केला. असा —"

आणि तिने हात केला. चालत्या गाडीत, काचेच्या दिशेने, मघाशी रस्त्यावर केला होता तसाच, वरखाली, वरखाली.

म्हाताऱ्याने करकचून ब्रेक लावला.

वरचे दोन क्रेट माझ्या खांद्यावर आले, द्राक्षं मांडीवर सांडली. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. म्हातारा घाबरून तिच्याकडे पाहत होता. त्याला वाटलं, तिला उलटी होतेय, किंवा काहीतरी मागे पडलं. तो खाली उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला, त्याने दार उघडलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती रडायला लागली. मूल गेलं तेव्हा दवाखान्यात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हातारा उन्हात दार धरून उभा होता, आणि मी मागे द्राक्षं गोळा करत होतो. 

पुन्हा गाडी सुरू झाल्यावर ती शांत आवाजात म्हणाली, "तुम्ही थांबला आबा. ह्यांनी मनगाट फिरवलं. गाडी फुल हाय."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आता मी हैदराबादला चाललेय."

तिच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा अजून आठ दिवस शिल्लक होते.

मला तो दिवस आठवतो. म्हणजे मला त्या दिवशीचा तो म्हातारा आठवतो. वांग्यांची रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन चालला होता, रोपं मोडू नयेत म्हणून त्याने ती छातीशी धरली होती. तो बायकोच्या आजोळच्या गावचा निघाला. तिच्या आजोबांनी त्याला लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं. मला इतका आनंद झाला की दौंडात त्याला हॉटेलात नेऊन भजी खायला घातली. फोनवर बायकोचे दोन मिस्ड कॉल होते, ते मी भजी खाताना पाहिले. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू, ती तर पाचनंतर येणार. साडेचारला घरी आलो तर ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडलेली. कुठल्याशा टेम्पोने आली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते टिकणारं नव्हतंच, तासभर आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. या वाक्याला मी तीन वर्षं धरून होतो.

आणि दवाखान्यात नेण्याआधी, ती साडी बदलत होती तेवढ्या वेळात, मी सवयीने फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. ‘आज तुझ्या आजोळचा माणूस भेटला. लांबची नाती अशी रस्त्यात सापडतात बघ.’ दुसऱ्या दिवशी मी सकाळपाळीला गेलो. ती घरी एकटी होती. तिने ते वाचलं असणार.

सिघनाघीला पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. म्हाताऱ्याने उतरताना बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाकून त्याच्या पाया पडली, भर रस्त्यात. तो गोंधळला, पण त्याने तिला उठवलं आणि द्राक्षांचे दोन घड तिच्या हातात दिले. मी हात पुढे केला, तो माझ्याशीही नीट हसला. त्याला काही माहीत नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला.

गावाला जुन्या दगडी तटबंदीची भिंत आहे. तिच्यावर बसलो. समोर सगळं खोरं. मी म्हणालो, "मी जागा होतो."

"कळलं मला. क्रेट पडलं तवा."

"आधी का नाही सांगितलंस? तीन वर्षं!"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही रडला असता. डोकं आपटून घेतलं असतं. आन् मंग मीच तुमची समजूत काढत बसले असते."

हे खरं होतं, म्हणून मी चिडलो. म्हणालो, गाडीवर सिंगल सीट, मागे म्हातारा, रस्त्यावर पन्नास बायका स्कार्फ बांधून उभ्या असतात, सगळ्या सारख्याच दिसतात. माणूस किती ठिकाणी बघणार? ती म्हणाली, "बरोबर हाय." त्यात टोमणा नव्हता. मग तिने विचारलं, "तुम्हाला आठवती का पर ती? हात केलेली बाई?"

मी म्हणालो, "हो. आठवते."

"स्कार्फ कुठल्या रंगाचा होता?"

मी डोळे मिटून तो रस्ता आणला. फाटा आला, उन्हाने चमकणारं डांबर आलं, म्हाताऱ्याची रोपं माझ्या पाठीला लागत होती ती आली. त्याच्या बोलण्यातला शब्द न् शब्द आला. फाट्यावर कुणी नव्हतं. तिथे कुणी उभंच नव्हतं.

"निळा," मी म्हणालो.

ती घडातलं एक एक द्राक्ष तोडून खात राहिली आणि दुसरा घड तिने माझ्यापुढे सरकवला.

उरलेले दिवस आम्ही नीट काढले. मी खूप माफ्या मागितल्या. ती दर वेळी "झालं ते" म्हणायची आणि तिचा आवाज दर वेळी थोडा अधिक मोकळा वाटायचा. ती जेवू लागली, बाजारात घासाघीस करू लागली, एका चर्चबाहेरच्या बायकांबरोबर बसून बिनभाषेच्या अर्धा तास गप्पा मारून आली. त्या मोकळेपणाचा मी चुकीचा अर्थ लावत होतो आणि चुकीचा आहे हे मला लावतानाच कळत होतं. पुन्हा आम्ही कधी हात केला नाही. सगळीकडे व्हॅननेच गेलो.

बाराव्या दिवशी घरी आलो. मी काही विचारलं नाही, तिनेही वेगळं काही सांगितलं नाही. तीन आठवड्यांत तिने सामान आवरलं. भांडी निम्मी केली नाहीत, म्हणाली, तुम्हाला लागतील. कॅलेंडरच्या मागे गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला.

दौंड जंक्शनवरून हैदराबादची गाडी संध्याकाळच्या सुमाराला असते. माझी सकाळपाळी होती, मी तिला मोटारसायकलवर सोडायला गेलो. मोठी बॅग टाकीवर माझ्या पुढे, छोटी आमच्या दोघांच्या मध्ये. स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. गाडी वीस मिनिटं उशिरा होती आणि त्या वीस मिनिटांसाठी मी रेल्वेचे मनापासून आभार मानले. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं.

"तो स्कार्फ. निळा नव्हता ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करतोय का, ते बघत होती. मग खरंच आठवायला लागली, कपाळाला आठी घालून.

"काय की," ती म्हणाली. "मलाबी न्हाई आठवत आता. त्या आबांना सांगितलं, तवाच गेलं बघा ते माझ्या डोक्यातनं."

मी तिच्या चेहऱ्यात खोटं शोधलं. नव्हतं. माझ्यावरचा रागही नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, महिने, वर्षं, भांडायला मला येतं. ती खरोखरच हलकी झाली होती आणि चालली होती. ते आता फक्त माझ्याकडे उरलं होतं, आणि माझ्याकडे तर त्यातलं काहीच नव्हतं, रंगसुद्धा.

गाडी आली. तिने बॅगा चढवू दिल्या. खिडकीतून म्हणाली, "जेवत जावा वेळेवर." गाडी हलली तेव्हा मी हात केला. तिनेही केला, निरोपाचा, नेहमी करतात तसा.

परत निघालो तर रेल्वेच्या मोरीच्या अलीकडे एकाने हात केला. पन्नाशीचा माणूस, खांद्याला पिशवी. मला थांबायचं नव्हतं. तरी पाय ब्रेकवर गेला आणि मी थांबलो. तो मागे बसला. कुठलं गाव, ते मी विचारलं नाही. थोडं अंतर गेल्यावर त्यानेच सुरू केलं.

"टेशनाकडनं आला जणू?"

"हो."

"कुणाला सोडाय गेलता का?"

"हो."

"कोन, पाव्हणं व्हतं का?"

मी म्हणालो, "हो."